फ्रिजला पाचपैकी पाच, काउंटरला अडीच : आमच्या तालुक्यातलं कोंबड्यांच्या औषधांचं दुकान

लस घ्यायची असेल तर या दुकानात खुशाल जा. अँटिबायोटिक घ्यायला जात असाल तर आधी गल्ल्यावर कोण बसलंय ते पाहा. घाईत असणाऱ्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

दुकानाचं नाव टाकत नाही. लहान गावात नाव टाकलं की एक तर ओळख जाते, नाही तर उधारी जाते, आणि मला दोन्ही लागतात. वर्धा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, बाजारओळ, बियाण्या-खताच्या दुकानांची रांग. दारात ढोरांचे दोर, घंट्या, मोरक्या टांगलेल्या. आत मिनरल मिक्श्चरच्या बादल्या, जंताच्या गोळ्या, कॅल्शियमचे पाच-पाच लिटरचे डबे. कोंबड्यांचं सामान डाव्या हाताच्या रॅकमध्ये आणि मागच्या फ्रिजात. ओळखणारे ओळखतील.

माझं शेड आठशे पक्ष्यांचं. बॉयलर नाही, गावरान क्रॉस. माल जिवंत जातो, थोडा आठवडी बाजारात आणि बराचसा जाम चौरस्त्यावरच्या ढाब्यांना. घरचे कपाशी-तूर पाहतात, कोंबड्या माझ्याकडे. दुकानात नवीन होते तेव्हा दर वेळी विचारणा व्हायची, "भाऊ नाही आले का जी?" आमचे भाऊ कोंबडी फक्त ताटात ओळखतात, हे त्यांना कळायला वेळ लागला.

माझा दीर कंपनीच्या करारावर बॉयलर करतो. त्याला या दुकानाची पायरी चढावी लागत नाही. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचं. सुपरवायझर मोटरसायकलवर येतो, बाटली ठेवतो, रजिस्टरवर सही घेतो, जातो. आमच्यासारखे जे सुटे आहेत, दोनशे-पाचशे-हजार पक्षी स्वतःच्या हिमतीवर पाळणारे, त्यांचा डॉक्टर म्हणजे हे काउंटर. डॉक्टर म्हटल्यावर त्याची परीक्षा घ्यायला हवी.

आधी फ्रिज, कारण तिथं बोट ठेवायला जागा नाही. लसींचा फ्रिज वेगळा आहे. त्यात पाण्याच्या बाटल्या नाहीत, कोणाचा डबा नाही, दह्याची वाटी नाही. मधल्या फळीला थर्मामीटर लटकवलेलं आहे आणि विचारलं तर दाखवतात. २ ते ८ अंशांच्या मध्ये असतं. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पहिला फ्रिज चालतो, मग पंखा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा मालक घामानं भिजलेले आणि फ्रिज गार, असं मी स्वतः पाहिलं आहे. लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, मागितली की पहिला प्रश्न, "थर्मास आणला का?" नसला तर लस देत नाहीत. अनामत घेऊन थर्माकोलचा डबा आणि बर्फ देतात, डबा परत केला की पैसे परत. एक जण चिडून म्हणाला, "खिशात ठेवून नेतो न जी, अर्ध्या घंट्यात पोचतो." दिली नाही. गिऱ्हाईक गेलं तरी दिली नाही.

ज्यांना हा जाच वाटतो त्यांच्यासाठी सांगते. लासोटा काय, गमबोरोची लस काय, दोन्हींत जिवंत विषाणू असतो, कमजोर केलेला. उन्हानं तो मेला तरी कुपी तशीच दिसते, पाणी टाकल्यावर तशीच विरघळते, कोंबडी तशीच पिते. कळतं ते पुढं महिन्याभरानं, जेव्हा हिरवी हगवण लागते, माना वाकड्या होतात आणि सकाळी शेडात पाटी भरून पक्षी उचलावे लागतात. या मानमोडीला, म्हणजे राणीखेतला, औषध नाही. राणीखेत हा विषाणूचा रोग आहे, त्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही, महागडंही नाही. तेव्हा पहिल्या आठवड्यातली लासोटा, दुसऱ्यातली गमबोरो, चौथ्याच्या सुमारास परत लासोटा, जास्त दिवस ठेवायचे पक्षी असतील तर देवीची लस आणि आर-टू-बी ही राणीखेतची पुढची लस, हे जिथं थंड मिळतं ते दुकान चांगलं, असं माझं साधं मत. वर हेही सांगतात की लस पाजायच्या पाण्यात ब्लीचिंग नको, क्लोरीनच्या गोळ्या नको, थोडी स्किम दूध पावडर आधी मिसळा म्हणजे पाण्यात राहिलेल्या क्लोरीननं लस मरत नाही, आणि तासा-दोन तासांत संपेल एवढंच पाणी भरा. एवढं सगळं सांगून लसीत त्यांना फार सुटत नसणार. लस स्वस्त, टॉनिक महाग. धंदा टॉनिकात आहे.

आता काउंटर. इथं दोन दुकानं आहेत, एकाच पाटीखाली. मालक बसलेले असतात तेव्हाचं एक आणि त्यांचा पुतण्या बसलेला असतो तेव्हाचं दुसरं.

मालक वयस्कर आहेत, आम्ही काकाजी म्हणतो. हिवाळ्यात मी खाद्याच्या टॅगबद्दल विचारायला गेले होते, तेव्हा समुद्रपूरकडचा एक कास्तकार आला. गल्ल्यावर हात ठेवून म्हणाला, "टायलो द्या, कोंबड्या रातच्यानं घोरून राह्यल्या."

"किती दिवसांच्या?"

"महिन्याच्या."

"पडदे रातभर पाडून ठेवता काय?"

"थंडी आहे न जी."

"सकाळी शेडात गेल्यावर डोळे चुरचुरते का तुमचे?"

तो माणूस गप्प झाला. मग म्हणाला, "चुरचुरते."

"मंग आधी वरून हातभर पडदा उघडा ठेवा. ड्रिंकरखालचं ओलं तूस काढून फेका, बाकीचं वरखाली करा. दोन दिवस पाहा. नाही थांबलं त ताज्या मेलेल्या दोन कोंबड्या घेऊन डॉक्टरकडे जा, त्यानं लिहून देल्लं ते मी देतो."

त्याला काही विकलं नाही. तो रिकाम्या हातानं गेला आणि जाताना त्याचं तोंड पडलेलं होतं, कारण बस भाडं खर्चून आलेल्या माणसाला बाटली हवी असते. पण काकाजींचं बरोबर होतं. हिवाळ्यात पोत्याचे पडदे घट्ट बांधले की ओल्या विष्ठेतून अमोनिया उठतो, तो पक्ष्याच्या श्वासनळीचं आतलं अस्तर जाळतो. तिथून मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू शिरतो, मागून ई-कोलाय जंतू येतो. खरा सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा जुनाट श्वासरोग, झाला असेल तर टायलोसिन हे अँटिबायोटिक कामाचं आहे, नुसत्या अमोनियाच्या घोरण्यावर ते पाण्यात जातं. पोस्टमार्टम केल्याशिवाय दोन्हींतला फरक काउंटरवरून कोणाला सांगता येत नाही. काकाजी तसं कबूल करतात, हीच त्यांची हुशारी.

औषध देतानाही ते आधी पक्ष्यांचं वय विचारतात, मग अंदाजे वजन, मग पाणी बोअरचं की विहिरीचं. पाण्याचं विचारणं मला फार आवडलं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो. डॉक्सीसायक्लिनच्या जातीची औषधं असल्या पाण्यातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतात आणि कोंबडीच्या अंगी कमी लागतात. एनरोफ्लोक्सासिनचंही थोडंफार तसंच. लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं. पुष्कळदा औषध बरोबर असतं, पाण्यानं खाल्लेलं असतं.

आता पुतण्या. पोट्टा वाईट नाही, चटपटीत आहे, यूपीआयचा आवाज आला की हसतो. पण त्याच्याकडं सगळ्यावर एकच उत्तर आहे आणि ते 'सेट'.

पावसाळ्यात माझ्या एका लॉटला रक्ती हगवण लागली. खालचं तूस ओलं, पाच आठवड्यांचे पक्षी, विष्ठेत रक्त. डॉक्टरांनी एक पक्षी उघडून पाहिला, आंधळ्या आतड्यात रक्त साकळलेलं, "हा कॉक्सी, म्हणजे कॉक्सिडिओसिस," म्हणाले, अ‍ॅम्प्रोलियम लिहून दिलं. चिठ्ठी घेऊन गेले तर गल्ल्यावर पुतण्या. त्यानं अ‍ॅम्प्रोलियमचं पाकीट ठेवलं. शेजारी एनरो या अँटिबायोटिकची अर्ध्या लिटरची बाटली ठेवली. शेजारी बी-कॉम्प्लेक्स. शेजारी लिव्हर टॉनिक.

"हे काय?"

"सेट आहे जी हा. रक्तीचा. सगळे नेतात."

आता हा सेट जरा उलगडून पाहा, म्हणजे मी अडीचच गुण का दिले ते समजेल. कॉक्सीचा जंतू बॅक्टेरिया नाही, एनरो त्याला काही करत नाही. अ‍ॅम्प्रोलियम काम कसं करतं, तर बी-वन जीवनसत्त्वासारखं सोंग घेऊन त्या जंतूला खरं बी-वन मिळू देत नाही. म्हणजे जंतूला उपाशी मारतं. त्याच पाण्यात तुम्ही बी-कॉम्प्लेक्स ओतलं तर उपाशी माणसाला मागच्या दारानं डबा पोचवल्यासारखं झालं. सेटमधली चौथी बाटली तिसरीच्या साथीला आणि दुसरी कोणाच्याच नाही. मी पाकीट तेवढं उचललं. बी-कॉम्प्लेक्स कोर्स संपल्यावर घेईन म्हटलं. पोट्ट्यानं तोंड वाकडं केलं.

मग बिलाचा किस्सा. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर आकडा लिहून दिला. पक्कं बिल मागितलं तर, "एवढ्याशाले पक्कं बिल कायले पाह्यजे?" कायले पाह्यजे ते सांगते. बिलावर बॅच नंबर येतो, मुदत येते. पुढं लॉट बसला आणि औषधावर संशय आला, तर दाखवायला तेवढंच हातात असतं. पुठ्ठ्यावर मुदत नसते. मागून-मागून दिलं. काकाजी असले की न मागता देतात.

आता चिठ्ठीची गोष्ट. रॅकमधल्या बहुतेक अँटिबायोटिकच्या बाटल्यांवर आर-एक्सची खूण आणि शेड्यूल एचचा इशारा छापलेला असतो, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. त्याहून कडक एच-वन यादी २०१४ पासून लागू आहे. त्यातलं औषध विकलं की दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरात कोणी लिहून दिलं, कोणाला दिलं, किती दिलं हे नोंदवायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. असं रजिस्टर उघडलेलं या दुकानात मी पाहिलेलं नाही. भिंतीवर परवान्याच्या फ्रेमशेजारी फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगलेलं आहे. मी जाते त्या वेळी हे फार्मासिस्ट नेमके जेवायला गेलेले असतात. सकाळी दहालाही. माझी चिठ्ठी मात्र काकाजींनी पाहून, मागं शिक्का मारून परत दिली. चिठ्ठी नसलेल्या पुढच्या माणसाला पुतण्यानं डॉक्सीची बाटली दिली, तीही मी पाहिली.

सगळा दोष दुकानाच्या माथी मारणं मला पटत नाही. चिठ्ठी आणायची कुठून? आमच्या गावाला जवळचा दवाखाना श्रेणी दोनचा, तिथं पशुधन पर्यवेक्षक असतात. पदवीवाले डॉक्टर श्रेणी एकच्या दवाखान्यात, त्यांच्याकडे इतक्या गावांची ढोरं की लम्पी आला, लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची तारीख आली की कोंबडी कोणाच्या ध्यानात राहणार? १९६२ या नंबरला फोन लावला तर फिरतं पथक येतं, गाय अडली असेल तर देवासारखं. पण दोन कोंबड्या मेल्या म्हणून फोन करायला माणसाला लाज वाटते. गाडी बोलावण्याचा खर्च कोंबडीच्या किमतीहून जास्त, हा हिशोब प्रत्येक जण मनात करतो. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पोस्टमार्टम होतं, कुठलं औषध चालेल याची तपासणीही होते, पण जंतू वाढवून पाहायलाच दोन-तीन दिवस लागतात. तोवर शेडात मर चालू असते. काउंटर लगेच उत्तर देतं. म्हणून गर्दी काउंटरला.

तरी मी चिठ्ठीसाठी जाते. मेलेला पक्षी पिशवीत, पिशवी बर्फात, पोचेस्तोवर ताजा राहील असा. आमचे डॉक्टर आधी म्हणाले, "मी ढोरांचा माणूस आहे ताई." पण उघडून पाहिलं की त्यांनाही कळतं आणि मलाही दाखवतात: लिव्हरवर, हृदयावर पांढरी साय आली असेल तर ई-कोलाय, हवेच्या पिशव्या धुरकट झाल्या असतील तर सीआरडी. आता ते माझ्या पिशवीची वाट पाहतात असा मला संशय आहे.

दुकानाची आणखी एक जुनी सवय आहे, ती पिल्लांच्या 'किट'ची. नवीन लॉट येणार म्हटलं की पिशवी तयारच असते: इलेक्ट्रोलाइट, जीवनसत्त्व आणि पहिल्या पाच दिवसांसाठी अँटिबायोटिक. पिल्लू आजारी नाही, घरी आलेलंही नाही, औषध आधी बांधलेलं. इकडं जवळपास सगळे असंच करतात आणि सगळे म्हणतात की त्यानं मर कमी होते. माझं मत वेगळं. पहिल्या आठवड्यातली मर बहुतेक थंडीनं आणि हॅचरीतून आलेल्या कच्च्या बेंबीनं असते. ब्रूडरखाली ३५ अंशांच्या आसपास ऊब, खाली कोरडं तूस, उतरताच गुळाचं पाणी, आणि पिल्लं गोल फिरून सारखी पसरली आहेत ना हे रात्री उठून पाहणं. त्या पैशात गॅस सिलिंडर भरलेला बरा. मी काकाजींना किटमधून ती बाटली काढायला सांगते. ते काढतात आणि किंमत कमी करतात, हे त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. पण न मागता कोणाला विचारत नाहीत, हेही.

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगते. सासूबाईंना लघवीचा त्रास वारंवार व्हायचा म्हणून सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं होतं. कल्चरचा रिपोर्ट आला. कागदावर औषधांच्या नावांची उभी रांग आणि प्रत्येकापुढं एक अक्षर, चालेल किंवा चालणार नाही. ती नावं वाचताना मी डाव्या हाताच्या रॅकसमोर उभी आहे असंच वाटलं. सिप्रोफ्लोक्सासिनपुढं 'चालणार नाही'. आणि आपण कोंबड्यांना देतो ते एनरो पक्ष्याच्या अंगात गेल्यावर त्यातल्या काही भागाचं सिप्रोच होतं. सासूबाईंचा जंतू माझ्या शेडातून आला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांसाठी एनरो बंद केलं ते याच कारणानं, की कोंबडीतले जंतू त्याला सरावले आणि तेच जंतू माणसाच्या पोटात गेले. आपल्याकडं ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत, 'सेट'मध्ये, कॉक्सीवर.

कोलिस्टिनचं मात्र बरं झालं. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळं हरल्यावर जे औषध काढतात, ते आपण कोंबड्यांच्या पाण्यात टाकत होतो. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि त्यांच्या खाद्यात त्यावर बंदी घातली. मार्च २०२५ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवरही. या दुकानाच्या रॅकमध्ये ही नावं मी मुद्दाम शोधली, बाटल्या फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. एकही मिळाली नाही. काकाजी म्हणाले, "बंद म्हणजे बंद. डायक्लोफेनॅकच्या टायमालेही लोक बोंबलत होते." ते खरं आहे. २००६ मध्ये गिधाडं मरतात म्हणून ढोरांचं डायक्लोफेनॅक बंद केलं, जागी मेलॉक्सिकॅम आलं, ढोरांचं काही अडलं नाही आणि दुकानही चालूच आहे.

दुसऱ्या एका दुकानात, कुठलं ते विचारू नका, डब्यातून चमच्यानं काढून पिवळी पावडर पन्नीत बांधून देतात. नाव नाही, मुदत नाही, बॅच नाही. काय आहे विचारलं तर 'हगवणीची'. ज्या बाया पंचवीस-तीस कोंबड्या पाळतात त्यांच्यासाठी किलोचं पाकीट मोठं पडतं, म्हणून हा सुट्याचा धंदा चालतो. तोही नाही जमला तर माणसांच्या मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणायच्या आणि मातीच्या परळात फोडायच्या. आमच्या दुकानात फोडलेलं पाकीट विकत नाहीत. लहान पाकीट ठेवतही नाहीत, म्हणून त्या बाया तिकडंच जातात. काकाजींनी कंपनीच्या माणसाकडून अ‍ॅम्प्रोलियमची लहान पाकिटं मागवून ठेवावीत अशी माझी त्यांना उघड विनंती आहे. वाचत असतील तर.

मात्रेचं सांगायचं राहिलं. पुतण्याचं माप म्हणजे झाकण. 'वीस लिटरला एक झाकण.' बाटली बदलली की झाकण बदलतं. डॉक्टरांनी मला वजनावर शिकवलं: एनरो एका किलो वजनाला दिवसाला दहा मिलिग्रॅम. आठशे पक्षी सव्वा किलोचे, म्हणजे हजार किलो. दहा टक्क्यांच्या औषधाचे शंभर मिली लागतात दिवसाला, आणि लिहून दिले तितके दिवस, साधारण पाच. लोक दोन दिवस देतात, मर थांबली की उरलेली बाटली आड्याला टांगतात, पुढच्या लॉटला तीच उघडतात. कमी मात्रा आणि अर्धा कोर्स, यानंच जंतू सरावतात. अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर पूर्ण द्या. नसेल लिहून दिलं तर थेंबही नको.

सर्वांत मोठा गुण मी कापला तो एका गोष्टीसाठी, आणि त्यात काकाजीही आले. औषध थांबवल्यावर किती दिवस पक्षी विकायचा नाही, हे या काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. २०१२ पासून नियम आहे की ते बाटलीवर छापलेलं असलं पाहिजे, आणि छापलेलं नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस, अंड्यांसाठी ७ दिवस धरायचे. छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की मी मोबाईलनं फोटो काढून मोठा करून वाचते. उलट घडतं असं की लॉट आजारी पडला की माणूस आधी व्यापाऱ्याला फोन लावतो. सकाळी ड्रिंकरमध्ये औषध आणि सांजचं पिंजरे भरून गाडी. ढाब्यावर कोणी विचारत नाही. मला एकदा जामवरून फोन आला, लग्नसराईची तेजी होती, भाव चांगला होता, आणि माझ्या पक्ष्यांच्या औषधाचे दिवस पुरे झाले नव्हते. मी नाही म्हटलं. ढाबेवाले म्हणाले, "ताई, औषध दिलेली कोंबडी त जास्त तंदुरुस्त राहते न?" त्यांना दोष कसा देऊ? त्यांना हे कोणीच सांगितलेलं नाही, आणि जिथं सांगायला पाहिजे ते काउंटर गप्प आहे. पुठ्ठ्यावर आकडा लिहिता तसाच एक आकडा बाटलीवर मार्करनं लिहा, "इतके दिवस विकू नका." पाच सेकंदांचं काम आहे.

तर जायचं असेल त्यांच्यासाठी. काकाजी सकाळी साडेनऊ ते दुपारच्या जेवणापर्यंत असतात. बाजाराच्या दिवशी पुतण्या, तेव्हा फक्त चुना, ब्लीचिंग, ड्रिंकर, थर्मामीटर असलं सामान घ्या. चुना आणि जंतुनाशक इथं इतरांपेक्षा स्वस्त आहे. लिव्हर टॉनिक नाकारलं तरी काकाजी रागावत नाहीत. उधारी कास्तकारीच्या हंगामावर चालते, कापूस विकला की चुकती करतात लोक, पण लसीला उधारी नाही. लासोटाची कुपी इथं बहुतेक हजार डोसांचीच मिळते आणि एकदा पाणी घातलं की उरवता येत नाही, तेव्हा थोड्या कोंबड्या असणाऱ्यांनी एकट्यानं घेऊ नये. आमच्या बचत गटातल्या बाया एकच सकाळ ठरवतात, कुपी माझ्या थर्मासमध्ये येते, आणि सूर्य वर यायच्या आत घरोघर फिरून प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात थेंब टाकून होतो. पुढच्या वेळी ज्यांना यायचं त्यांनी आदल्या सांजेपर्यंत कोंबड्यांचा आकडा कळवावा आणि पक्षी रात्रीच डालून ठेवावेत, सकाळी अंगणभर धरत फिरायला वेळ नसतो.